चार चिंचोक्यांची मुलगी

अन्याय झाला तो मोरिवलीच्या सतरा वर्षांच्या एका मुलीवर. पंच्याण्णव सालच्या संक्रांतीआधीच्या रविवारी, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, अंबरनाथ पश्चिमेला आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या बास्केटबॉल कोर्टवर, भर उजेडात, सगळ्या कॉलनीच्या देखत. त्या गर्दीतल्या एकालाही काही झाल्याचं कळलं नाही, कारण बहुतेकजण शेंगा सोलत होते. आणि अन्याय करणारा माणूस इतका सज्जन, की त्याच्याशी भांडायला गेलं तरी आधी त्याच्या घरचा चहा प्यावा लागतो.

तो माणूस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. कारखान्यात इन्स्पेक्शनला अधिकारी. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, येणारा प्रत्येक पार्ट मोजायचा, आणि मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही तर बाजूला. घरी आले तरी ती सवय सुटत नसे. काकूंनी केलेली चकली ते आधी उजेडाकडे धरत, मग खात. कोर्टवर खेळणाऱ्या पोरांकडेही ते तसेच बघायचे.

याच काकांनी पंच्याऐंशीच्या आसपास कॉलनीत एक खेळ सुरू केला होता. त्याला सगळे ‘चिंचोका-पाच’ म्हणत. दर हिवाळ्यात आमच्या कोर्टवर रविवारी-रविवारी मॅचेस होत. अंबरनाथचा संघ, बदलापूरचा, उल्हासनगर कॅम्प तीनचा, असे आसपासचे सगळे. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मॅचेस सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये दहा-बाराजण जमत आणि प्रत्येकाला पन्नास चिंचोके मिळत. मग एकेका खेळाडूचं नाव निघे आणि बोली लागे. ‘आठ!’ ‘दहा!’ ‘अकरा, आणि आता पुरे!’ पन्नास चिंचोक्यांत आपले पाच खेळाडू घ्यायचे, कुठल्याही संघातले. हा संघ कधीच कोर्टवर उतरणार नाही, तो फक्त घेणाऱ्याच्या डोक्यात खेळणार. पण त्या पाचांनी खरोखरच्या मॅचमध्ये जे केलं, त्याचे गुण मालकाला. बास्केटचे दोन, फ्री थ्रोचा एक, फाउलचा एक वजा. शेवटी जो जिंकेल त्यानं सगळ्यांना मिसळ खिलवायची. जिंकणाऱ्यालाच भुर्दंड का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘मग तो पुढच्या वर्षी माजत नाही,’ असं उत्तर मिळालं.

मी या खेळाकडे वाकड्या नजरेनं बघत मोठी झाले. कारण एक, चिंचोके धुऊन वाळवायचं काम आम्हा मुलींकडे होतं. कारण दोन, बोली फक्त मुलांवर लागायची. मुलींच्या मॅचेस त्याच कोर्टवर, त्याच रविवारी होत. पण त्या वेळी ही सगळी मंडळी जेवून वामकुक्षी घेत असायची. मी उल्हासनगरला कॉलेजात गेले, तिथे एका विद्यार्थी संघटनेत शिरले, पाण्यावर आणि बसभाड्यावर पत्रकं लिहायला शिकले, आणि पहिलं स्वतंत्र पत्रक काढलं ते या चिंचोक्यांवर. मथळा होता, ‘अर्ध्या कोर्टचा बहिष्कार किती दिवस?’ काकांनी ते चष्मा लावून वाचलं. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मला हाक मारली.

‘काय गं पुढारी, तुझी मागणी रास्त आहे. यंदापासून पाचांत एक मुलगी सक्तीची.’

मी जिंकले म्हणून नाचत घरी आले. सक्तीचा खरा अर्थ मला बोलीच्या संध्याकाळी कळला. मुलगी एक घ्यायचीच आहे तर स्वस्तात स्वस्त घ्या आणि चिंचोके मुलांसाठी वाचवा, असं ठरवूनच सगळे आले होते. मूळ भाव चार. म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही त्याचा भाव चार. मुलींची नावं निघत गेली आणि ‘चार’, ‘चार’, ‘चार’ असं भाजीवाल्यासारखं चालू राहिलं. फक्त एकीवर बोली चढायची. ती आमच्याच अंबरनाथच्या संघातली उंच मुलगी, कॉलनीतल्याच एका साहेबांची. ती रिंगखाली उभी राहायची, बॉल आला की वळायची आणि टाकायची. चांगली मुलगी होती, गर्वबिर्व काही नाही. पंच्याण्णवच्या हिवाळ्यात, म्हणजे सक्तीच्या दुसऱ्या वर्षी, ती अठराला गेली.

आणि मोरिवलीची? ती त्याच संघात, वर्षभरापूर्वीच आलेली. तिचं घर शेतीवालं. निम्मी शेती एमआयडीसीत गेली, उरलेल्या निम्मीत वडील भात लावायचे आणि वर कारखान्यात पाळी करायचे. ती सायकलवरून यायची, सायकल तारेच्या कुंपणाला टेकवायची, ओढणी हँडलला बांधायची आणि कोर्टवर उतरायची. बुटकी. पण तिच्या हातात बॉल आला की कोर्टवरची सगळी माणसं आपापल्या जागा बदलायला लागायची. कशी ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. ती डावीकडे बघायची आणि बॉल उजवीकडे गेलेला असायचा. उंच मुलगी नुसती हात वर करून उभी राहायची आणि बॉल येऊन हातात बसायचा.

तिचं नाव निघालं तेव्हा काकांनी हॉलमध्ये जे मूल्यमापन केलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं आहे.

‘उंची कमी. डावा हात चांगला. पळते छान, फाउल करत नाही. पण शॉट मारतच नाही! गेल्या वर्षीचं स्कोअरशीट काढून बघा, मॅचला चार गुण, सहा गुण. उगवती आहे, मान्य. पण उगवून करणार काय? मूळ भाव.’

‘चार,’ कोपऱ्यातून आवाज आला. ‘माझी.’

हे कॅम्प तीनचे सेठ. जीन्स शिवायचा कारखाना होता त्यांचा. काकांशी त्यांची दोस्ती कशी झाली कोणास ठाऊक, पण दर रविवारी शेअर रिक्षानं येत आणि येताना पिशवीभर पापड आणत. सिंधी, हिंदी आणि मराठी तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलत.

‘सेठ, बघून घ्या हं. पॉइंट नाहीत तिच्याकडे,’ कोणीतरी म्हणालं.

‘साईं, माल नया है. चार में क्या जाता है?’

हा झाला तिचा भाव. आता तो रविवार.

सेमीफायनल होती. जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी शिबिर भरणार होतं आणि आमच्या पट्ट्यातून मुली निवडायला एक निवडकर्ते येणार होते. बदलापूरला राहायचे, म्हणजे जवळच. तरी आले ते हाफटाइम उलटून गेल्यावर. येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. स्कोअररच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून, पेन खिशाला लावून, भुवया आवळून बसलेला एकच माणूस तिथे होता. साहजिकच निवडकर्ते जाऊन काकांच्या शेजारी बसले. मी पाण्याचा जग घेऊन मागेच उभी होते.

‘तुम्ही बघताय का या मुलींना?’

‘दहा वर्षं,’ काका म्हणाले. खेळ दहा वर्षं चालला होता, मुलींकडे बघायला लागून दोनच झाली होती. ते सांगायचं राहिलं.

‘कोण चांगली आहे?’

‘ती उंच. अठरा.’

‘आणि ही बुटकी? पळते बरी.’

‘ही? चार.’

निवडकर्त्यांनी मान हलवली. ‘अठरा म्हणजे सरासरी का?’

आता इथे नीट बघा. काका खोटं बोलणारे नव्हते. पण परक्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या, जिल्ह्याच्या माणसासमोर ‘चिंचोके’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मला मागून त्यांचे कान लाल झालेले दिसले.

‘आमच्याकडचं... मूल्यांकन आहे,’ ते म्हणाले.

‘वा. पद्धतशीर काम आहे तुमचं.’

आणि त्यांनी खिशातून डायरी काढून उंच मुलीचं नाव लिहून घेतलं. एकच नाव. त्याच क्षणी समोर मोरिवलीचीनं दोघींच्या मधून बॉल सरकवला आणि उंच मुलीनं तो टाकला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उंच मुलीसाठी. मी जग टेबलावर आपटला. पाणी काकांच्या विजारीवर उडालं. ‘अगं, अगं!’ ते म्हणाले. त्यांना वाटलं, हात सुटला.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं मला त्या आठवड्यात अनेकांनी विचारलं. तर सांगते. मोरिवलीचीच्या वडिलांनी तिला दिवाळीत सांगून ठेवलं होतं, जिल्ह्यात नाव आलं तर पुढे खेळ, नाही तर बारावीनंतर बंद. ते काही दुष्ट बिष्ट नव्हते. त्यांना फक्त कोणीतरी जाणत्या माणसानं सांगायला हवं होतं की मुलीच्या या धावपळीतून काही निघणार आहे. आणि जाणता माणूस म्हणाला होता, चार.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. ‘मोरिवलीच्या कन्येचे अवमूल्यन थांबवा!’ दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला ते तिला वाचून दाखवलं. ती कुंपणाला टेकून बुटाची नाडी ओवत होती.

‘कन्या कोन गो? मी?’

‘मग कोण!’

‘ते काढ. पोरगी लिव. आनि ह्ये शोषन कुठं झाला माजा? मी तर मॅचनंतर दोन वडे खाल्ले.’

‘तुला चारचा भाव दिला, तुला काही वाटत नाही?’

‘भाव त्यांच्या खेलातला. त्यांच्या डोक्यातल्या संघात मी बसून हाय, बसू दे.’ मग नाडी ओढून ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच हसली नाही. ‘ताई, मना चार कर नायतर चालीस कर. बाबाला त्या शिबिराच्या यादीत नाव पायजे. त्याचा कायतरी कर.’

निवडकर्त्यांनी फायनलला परत येऊन बघीन असं जाताना सांगितलं होतं. फायनल पुढच्या रविवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे हातात आठवडा होता. मी ठरवलं, आधी काकांचं मत बदलायचं. कारण निवडकर्ते येऊन पुन्हा त्याच खुर्चीशेजारी बसणार, याबद्दल मला शंका नव्हती.

बुधवारी हॉलमध्ये बैठक बोलावली. बैठक हा माझा शब्द. बाकीचे कॅरम खेळायला आले होते. मी उभी राहून मागणी मांडली, चिंचोका-पाचमध्ये पासचे गुण धरा. ज्याच्या पासवर बास्केट होते, त्यालाही दोन.

‘पास मोजायचा कसा?’ काका म्हणाले. ‘बास्केट झाली, जाळी हलली, विषय संपला. ते मोजता येतं. पास देणाऱ्याचं काम कुठे संपतं आणि घेणाऱ्याचं कुठे सुरू होतं? मी गेज लावू कुठे?’

‘मोजता येत नाही म्हणून नाहीच का ते?’

‘मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही.’

‘साईं,’ सेठ स्ट्रायकर हातात धरून म्हणाले, ‘माझ्याकडे एक कटिंग करतो, दहाजण शिवतात, आणि लास्टमध्ये एक छोकरा बटण ठोकतो. तुमच्या हिशोबानं पूरी पँट बटणवाल्यानं बनवली.’

हॉल हसला. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात पलीकडून कोणीतरी म्हणालं, ‘सेठ, चारला घेतलीय ना तुम्ही तिला? पासचे गुण धरले तर तुमचा संघ वर जातोय. म्हणून एवढं ज्ञान होय!’

‘तो क्या?’ सेठ जराही न लाजता म्हणाले. ‘बात सच्ची असेल आणि फायदा पण होत असेल तर तक्रार काय आहे?’

संघटनेत आम्हाला शिकवलं होतं की स्वार्थी पाठिंब्यापासून सावध राहा. पण त्या हॉलमध्ये मला तेवढाच एक पाठिंबा होता. मी सावधपणे तो घेतला.

शेवटी काकांनी तोडगा काढला, अगदी इन्स्पेक्शनवाल्याचा. फायनलपुरता प्रयोग करायचा. पास मिळाल्यावर घेणारीनं एकाहून जास्त वेळा बॉल आपटला नाही आणि बास्केट झाली, तर तो पास धरायचा. मोजणार ते स्वतः. डाव्या खिशात चिंचोके ठेवायचे, पासला एक उजव्या खिशात. ‘मूठभर पुरतील,’ ते म्हणाले.

फायनल आमची आणि कॅम्प तीनच्या मुलींची. सगळ्यात हाल झाले सेठचे. त्यांचं गाव समोरच्या बाजूला आणि त्यांची चारवाली आमच्या बाजूला. दोन्ही संघांच्या मध्ये उभे राहून ते ‘पास कर बेटी, पास कर!’ ओरडत होते, आणि कॅम्प तीनहून रिक्षा भरून आलेली पोरं त्यांना विचारत होती, ‘सेठ, आप किसके साथ हो?’ ते म्हणत, ‘पास के साथ!’

काका खुर्चीवर बसले होते. पहिली काही मिनिटं ते नेहमीसारखे रिंगकडे बघत होते. बास्केट झाली की मग घाईघाईनं शेजाऱ्याला विचारत, ‘पास कोणी दिला? कोणी दिला?’ शेजारी म्हणे, ‘मी शेंगा घेत होतो.’ दोनदा असं झाल्यावर त्यांनी खुर्ची फिरवली. रिंगकडे पाठ थोडी तिरकी करून ते कोर्टच्या मध्यावर बघायला लागले, जिथे बास्केट होत नाही, जिथे बघण्यासारखं काही नसतं असं दहा वर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मी कोर्टकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. मोरिवलीची बॉल घेऊन यायची, थांबायची, खांदा वळवायची. आणि काकांचा हात बास्केट व्हायच्या आधीच डाव्या खिशाकडे जायला लागला. ते आधीच ओळखायला लागले होते. एकदा उंच मुलीनं सोपा बॉल रिंगवर मारून घालवला, तर काका उभे राहून ओरडले, ‘अगं, दिला होता ना तिनं नीट!’ काकूंनी मागून त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. हाफटाइमच्या आतच डावा खिसा रिकामा झाला. ‘चिंचोके आणा!’ काका ओरडले. ‘अरे, कोणीतरी हॉलमधून चिंचोके आणा!’

आम्ही मॅच जिंकलो. स्कोअरशीटवर उंच मुलीचे गुण अर्ध्याहून अधिक, मोरिवलीचीचे सहा. काकांनी उजवा खिसा टेबलावर उलटा केला आणि मोजायला बसले.

आणि निवडकर्ते? ते आले बक्षीस समारंभाला. तिळगुळाची वाटी त्यांच्यासमोर धरली गेली, त्यांनी दोन लाडू उचलले. काका वाट काढत त्यांच्याजवळ गेले, मागून मी, माझ्यामागून सेठ.

‘माझ्या मूल्यांकनात चूक झाली,’ काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य कारखान्यातही कोणी ऐकलं नसेल. ‘ती बुटकी मुलगी चार नाही. ती एकवीस आहे.’

‘असं? पण एकवीस काय?’

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सेठकडे.

‘चिंचोके,’ ते म्हणाले.

निवडकर्ते लाडू चावायचे थांबले. सेठ पुढे होऊन समजावायला लागले, ‘साईं, ऐसा है, दिमाग में एक टीम होती है...’ आणि जितकं समजावत गेले तितका निवडकर्त्यांचा चेहरा लांबत गेला. मग ते जे म्हणाले ते मी आजही विसरलेले नाही.

‘नावं कालच गेली. आणि तुमच्या चिंचोक्यांवर नव्हती गेली हो, मी काय वेडा आहे? मी सेमीफायनलचं स्कोअरशीट बघितलं. मुलीच्या नावापुढे सहा गुण. सहा गुणांची मुलगी मी वर दाखवू कशी? वरच्यांनी विचारलं, हिनं काय केलं, तर मी काय दाखवू? पासाला रकानाच नाही.’

संक्रांतीचे दिवस, गोड बोलायचे, म्हणून मी तोंडात लाडू कोंबला आणि गप्प राहिले. तो माझा आजवरचा सगळ्यात मोठा त्याग आहे.

उंच मुलगी शिबिराला गेली. आठवड्याच्या आत परत आली. तिच्या आईनं पाणी मानवलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. पण ती मुलगी सरळ होती. कोर्टवर येऊन सगळ्यांसमोर तिनं खरं काय झालं ते सांगितलं. तिथे ती रिंगखाली हात वर करून उभी राहायची आणि बॉल यायचाच नाही. आला तर पायाशी, नाही तर डोक्यावरून. तिसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी विचारलं, ‘एवढे बास्केट टाकत होतीस म्हणे, कुठे गेले?’

‘मी म्हटलं, मोरिवलीला राहिले,’ ती म्हणाली.

मोरिवलीची तिथेच होती. तिनं हातातला बॉल तिच्या पोटात मारला आणि म्हणाली, ‘येडी हायस काय? तुला बोलवलं ना त्यांनी, र्‍हायाचा ना तिथं!’ मग दोघी हसत सुटल्या. मला हसू आलं नाही. मला पुरावा दिसत होता. एवढा धडधडीत पुरावा मिळाल्यावर तिचे वडील ऐकणार नाहीत असं कसं होईल?

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं, काका, सेठ आणि मी, मोरिवलीला गेलो. तिचे वडील अंगणात वाल सोलत बसले होते. त्यांनी खाट ओढून दिली, पाणी दिलं. काकांनी सगळं सांगितलं, पद्धतशीर, पहिल्यापासून. पास म्हणजे काय इथपासून. उजव्या खिशातले चिंचोकेही दाखवले. मुलगी असामान्य आहे, तिला थांबवू नका, असंही ते म्हणाले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘मना खेलातला काय समजत नाय. पन भावातला समजतं. संक्रांतीआधी तुम्ही चार बोललात. आज एकवीस बोलता. आमची म्हस पन एवढ्यात इतकी चढत नाय. उद्या किती बोलाल?’

काकांनी चिंचोके परत खिशात घातले.

‘आनि वरच्यांनी?’ वडिलांनी विचारलं. ‘त्यांनी कायतरी बोलला काय तिच्याबद्दल?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग झाला ना.’ त्यांनी आमच्यापुढे सोललेल्या वालांची वाटी सरकवली. घेऊन जा म्हणाले, घरचे आहेत. परतताना वाटेत सेठ म्हणाले, ‘गलत आदमी नहीं है.’ तेच मला सर्वांत जास्त लागलं. तो माणूस खरंच चुकीचं बोलला नव्हता. ज्यांनी लिहून ठेवायला हवं होतं त्यांनी लिहिलं नव्हतं, आणि ज्यांनी बघायला हवं होतं ते हाफटाइमनंतर आले होते.

बारावीची परीक्षा झाली आणि तिचा खेळ थांबला. हल्ली ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. गेल्या महिन्यात नाक्यावर भेटली. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा बघून म्हणाली, ‘आज कोनाचं शोषन?’ मी तिला वाचून दाखवलं. तिनं एक शब्द काढायला लावला. तो वाईट होता, मी काढला.

चिंचोका-पाच अजून चालू आहे. त्यात आता पासला पूर्ण दोन गुण आहेत, काकांनी स्वतः नियम केला आणि मोडणाऱ्याला ते हॉलमधून बाहेर काढतात. गेल्या हिवाळ्यात बदलापूरची एक पास देणारी मुलगी बावीस चिंचोक्यांना गेली. बोली तिथल्या तिथे सेठ आणि काकांच्यात एवढी पेटली की कॅरम बोर्ड पडला. म्हणजे रिकामटेकड्या माणसांच्या डोक्यातल्या संघांत न्याय आला आहे. खऱ्या संघांत नाही. तिथे स्कोअरशीट आजही तेच, बास्केट आणि फाउल, आणि मध्ये काहीच नाही.

या हिवाळ्यात मॅचेस पुन्हा लागतील. अंबरनाथला, बदलापूरला, कॅम्प तीनला. वाचणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी टेबलाशी पेन घेऊन बसणार आहे. तुम्हीच असाल तर मॅच सुरू व्हायच्या आधी पट्टी घ्या आणि त्या कागदावर एक उभी रेघ जास्त मारा. वर लिहा, पास. कोणी विचारलं, असा रकाना नसतो, तर सांगा, आता आहे. आणि निवडायला येणार असाल तर पहिल्या शिट्टीला हजर राहा, आणि जाळीकडे बघणं सोडून द्या. चहा आम्ही देऊ.